अँबियंट (शांत, वातावरण उभं करणाऱ्या संगीताचा) रिमिक्स अल्बम विनाइलच्या तबकडीवर काढायचा, तर एका बाजूला किती मिनिटं ठेवावीत?

प्रश्न वडोदऱ्याच्या चार मित्रांचा आहे: सूरसागर तलावाच्या काठी आणि दांडिया बाजारात रेकॉर्ड केलेले आवाज एकमेकांना देऊन प्रत्येकानं रिमिक्स केलेत, आता तबकडी काढायची आहे.

१२ इंची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला १८ ते २० मिनिटंच ठेवा. जास्त भरलं की खाचा अरुंद आणि उथळ कापाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली येते आणि तबकडीची खरखर वर येते. रॉक संगीतात ती झाकली जाते. तुमच्या संगीतात मात्र शांतताच अर्धं काम करते, तिथे थोडीशी खरखरही ऐकू येणार. दोन-तीन मिनिटांसाठी ही किंमत मोजू नका, एखादी रचना सरळ गाळा.

क्रमही विचारपूर्वक लावा. आतल्या खाचेत सुईखालून सरकणारा वेग बाहेरच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे तीक्ष्ण आवाज फाटतात. घंटा, झांजा, पक्ष्यांची किलबिल बाजूच्या सुरुवातीला घ्या. शेवटी तानपुऱ्यासारखा सलग, मऊ स्वर शोभतो. खर्ज मोनोच (डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच) ठेवा, नाहीतर सुई उडते.

मास्टरिंगला (तबकडी कापण्याआधी आवाजाला अंतिम रूप देण्याच्या कामाला) २४ बिटच्या वेव्ह फाइल्स द्या, लिमिटर (आवाजाचे उंचवटे दाबणारं साधन) न लावता. कुणाचा आवाज कुणी, कशासाठी वापरायचा हे चौघांनी आधीच लिहून ठेवा, मैत्री कितीही घट्ट असली तरी. आणि टेस्ट प्रेसिंग (तपासणीसाठीची नमुना तबकडी) आलं की हेडफोनवर, रात्री, पंखा बंद करून ऐका. मगच छपाईला होकार द्या.