शिंगाळ्याच्या तोंडात गोळ्या कसल्या?

प्रश्न : बर्फातून आलेला शिंगाळा (समुद्रातला मिशांचा मासा) घेतला. तोंडात बोराएवढ्या पिवळट गोळ्या निघाल्या. मासा रोगट होता का? उजनी धरणात मिळतो तो शिंगटा हाच का? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : रोगट नव्हे, तो अंडी सांभाळणारा नर होता. रोहू-कटल्याची मादी लाखांनी अंडी सोडते. शिंगाळ्याची मादी जेमतेम काही डझन ते शे-दीडशे घालते, पण एकेक अंडे दहा-पंधरा मिलिमीटरचे. नर ती तोंडात घेतो आणि पिल्लांच्या पोटावरचा बलक संपेपर्यंत तिथेच ठेवतो. या काळात तो जवळजवळ उपाशीच असतो, त्यामुळे पोट चिरल्यावर आतडे रिकामे दिसते. जाळ्यात धडपडताना बरीच अंडी सांडतात. तुमच्याकडे आली ती उरलेली. असा एक नर धरला की त्याची अख्खी वीण गेली. पश्चिम किनाऱ्यावर अशा नरांचे थवेच्या थवे पर्ससीन जाळ्यात (थव्याला घेरून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यात) ओढले गेले, त्याचा फटका या माशाला जबर बसला. विणीच्या दिवसांत असा मासा न घेणेच बरे.

उजनीतला शिंगटा वेगळा. शिंगाळ्याचे घर म्हणजे उथळ किनारा, खाडीचे तोंड, कांदळवनाकडेचा चिखल. पाणी गढूळ असले तरी त्याचे अडत नाही. मिशांनी तळ चाचपून खेकडे, कोळंबी, किडे टिपतो. शिंगटा गोड्या पाण्यातलाच, त्याचा नर तळाशी खड्डा करून पिल्ले राखतो.

ओळखायला नाकपुड्यांजवळ पाहा. शिंगट्याला तिथे मिशांची एक जोडी असते, एकूण चार जोड्या. शिंगाळ्याला नाकाशी मिशा नसतातच. बाजारात येणाऱ्या बहुतेक जातींत एकूण तीन जोड्या. शेपटीकडच्या मऊ पराच्या काळ्या ठिपक्यावर विसंबू नका, तो दोघांतही आढळतो. पराची लांबी मात्र उपयोगी : शिंगट्याचा लांबलचक, शिंगाळ्याचा आखूड.

प्रश्न : शिंगाळा साफ करताना त्याचा काटा बोटात घुसला, हात ठणकतो. काय करावे? (वाचक, होटगी रोड)

उत्तर : काटे तीन : पाठीवर एक, दोन्ही बाजूंच्या परांना एकेक. कडेला उलटे दाते असतात, म्हणून काटा आत सहज जातो आणि निघताना मांस फाडतो. त्यावरच्या कातडीत विष असते. मासा मेलेला असला तरी ते बाधते. हे विष प्रथिनाचे असल्याने उष्णतेने निकामी होते. जखम धुवा, दिसणारा तुकडा चिमट्याने काढा आणि हात सोसेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवा. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, धडधाकट हाताने घ्या. ठणकणाऱ्या हाताला चटका कळत नाही. वर घट्ट दोरी बांधू नका. तुकडा आत राहिल्याची शंका असेल, सूज चढत असेल किंवा धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर डॉक्टरांकडे जा.

पुढच्या वेळी सुरी लावण्याआधी पकडीने तिन्ही काटे मुळाशी तोडा. ताठ उभा काटा नुसता दाबून खाली बसत नाही, तो सांध्यात अडकलेला असतो.