गाण्याचा वेग, कॅमेऱ्याचा वेग

प्रश्न : माध्यम अभ्यासाचा प्रकल्प म्हणून आम्ही गाण्याची चित्रफीत करत आहोत. मांडवी नदीवरच्या फेरीबोटीत गायिका संथ गतीत दाखवायची आहे, पण चाचणीत तिचे ओठ गाण्याशी जुळले नाहीत. शिवाय, वर्गातल्या सिद्धान्ताचा इथे उपयोग काय?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : ओठांचा उपाय सोपा आहे. चित्रण सेकंदाला ५० फ्रेमने (म्हणजे ५० स्थिरचित्रांनी) करावे, त्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवावे आणि गायिकेने त्याच वेगाला ओठ हलवावेत. पुढे संकलनात ते २५ फ्रेमने चालवले की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि केस, पदर, पाणी मात्र संथ दिसतात. दुप्पट वेगात गाताना हसू आवरत नाही, म्हणून तालीम हवीच.

सिद्धान्ताचे म्हणाल, तर माध्यम अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ मध्ये मांडलेले वर्गीकरण हाताशी ठेवा : दृश्ये शब्दांचे चित्र रेखाटतात, त्यांत भर घालतात किंवा त्यांच्यापासून फारकत घेतात. तुमच्या गाण्यात नदीचाच उल्लेख असेल, तर फेरीबोट हे निव्वळ चित्र ठरेल. गाणे घर सोडण्याविषयी असेल, तर दूर जाणारा बोटीचा धक्का (जेटी) शब्दांच्या अर्थामध्ये भर घालील. माझा कल या दुसऱ्या पर्यायाकडे आहे.