दोघेही नोकरीला, हाताशी वेळ नाही. नव्या घराची सजावट कुठून सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की वन बीएचकेत राहायला येऊन पाच महिने झाले, दोघेही सकाळी साडेसातला घराबाहेर पडता, मुलगा तीन वर्षांचा आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा “इंटिरियर कधी करताय?” म्हणून विचारतो. एकदम सगळं उरकून घ्यावं की हळूहळू करावं, आणि हळूहळू करायचं तर आधी काय, असा तुमचा प्रश्न आहे.

हळूहळूच करा. आणि सुरुवात दिव्यांपासून करा.

मी डोंबिवलीला राहते, ऑफिस फोर्टला. घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. म्हणजे रविवार सोडला तर मी माझं घर दिव्यांच्या उजेडातच बघते. तुमचंही तेच असणार. भिंतीचा रंग कितीही मनापासून निवडला, तरी त्यावर पांढरीफट ट्यूब पडली की तो मेलाच. आपल्याकडे सर्रास लावतात ते दिवे ६५०० केल्विनचे, ऑफिसात असतो तसा निळसर उजेड देणारे. खोक्यावर वॉर्म व्हाइट, २७०० किंवा ३००० केल्विन असं लिहिलेला बल्ब आणा, ९ वॅटचा पुरतो. तो छताला न लावता खोलीच्या एका कोपऱ्यात, आपण बसतो त्या उंचीवर येईल असा लावा. मी जेवणाच्या सुट्टीत लोहार चाळीतल्या दिव्यांच्या बाजारात जाऊन एक साधा उभा दिवा घेतला आणि लोकलमधून छत्रीसारखा काखेत धरून आणला. त्या संध्याकाळी मोठी ट्यूब बंद ठेवून आम्ही तिघं त्याच उजेडात जेवलो. हॉलमध्ये तेव्हा दोन खुर्च्या आणि एक सतरंजी एवढंच होतं, पण पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं. स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र पांढराच दिवा ठेवा. पिवळ्या उजेडात तांदळातला खडा दिसत नाही.

आता थांबायचं कशासाठी ते सांगते. रंग, वॉलपेपर, भिंतीला ठोकायचं लाकूडकाम यातलं काहीही एक पावसाळा उलटल्याशिवाय करू नका. आमच्याकडे पहिल्याच जुलैत बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, तळहाताएवढा ओलीचा डाग उमटला. गणपती येईपर्यंत पापुद्रे सुटून हाताला पीठ लागायला लागलं. भिंत मोकळी होती म्हणून आम्हाला वेळेवर दिसलं. तारीख दिसेल असे फोटो काढून बिल्डरला लेखी पत्र दिलं. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या हितासाठी असलेल्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरला कळवला, तर त्याने तो ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. बाहेरची चीर भरून मिळाली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी मात्र ताबा मिळाला त्याच महिन्यात त्या भिंतीला प्लायचं कपाट बसवून घेतलं होतं. त्यांना कळलं ते दिवाळीची साफसफाई काढल्यावर. मागची प्लाय फुगली होती आणि लग्नातल्या शालूवर बुरशीचे ठिपके आले होते. तो शालू गच्चीवर उन्हात पसरून त्या शेजारी गप्प बसल्या होत्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

उन्हाचंही तसंच. आमच्या हॉलची खिडकी दक्षिणेला. आम्ही मे महिन्यात राहायला आलो. तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्या खिडकीतून ऊन आत येतच नव्हतं. पातळ पडदे पुरतील असं मी धरून चालले होते. डिसेंबरात तेच ऊन सोफ्यापर्यंत आलं. जाड पडदे घेतले ते त्यानंतर. तोवर आईच्या दोन जुन्या सुती साड्या लावल्या होत्या आणि त्या छान दिसत होत्या. रॉड चौकटीला टेकून लावू नका, वीतभर वर घ्या. खोली उंच वाटते.

वेळेचं म्हणाल तर मला एका गोष्टीचा फार उपयोग झाला. फ्रेम, घड्याळ, शेल्फ, जे काही भिंतीवर यायचं असेल त्याच्या मापाचं वर्तमानपत्र कापून चिकटपट्टीने तिथे लावायचं आणि पंधरा दिवस येता-जाता बघायचं. आमच्या हॉलमधला एक कागद दोनदा खाली सरकवला, कारण मी माप उभ्याने घेतलं होतं आणि त्या जागी आम्ही सगळे बसतो. असे सात-आठ कागद जमले की एका रविवारी ड्रिलवाल्याला बोलवायचं. एका फेरीत सगळी भोकं होतात, पसारा एकदाच आवरावा लागतो.

तुमच्याकडे गणपती बसत असेल तर त्याची जागा आधी धरा आणि मग सोफा कुठे ते ठरवा. मखर, समई, आरतीला उभी राहणारी दहा माणसं, एवढं तिथे मावायला हवं. जड, भिंतीला जखडलेली बैठक घेतली की दरवर्षी अडचण होते. आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून दोघांना उचलता येईल अशीच घेतली.

राहता राहिले पाहुणे. गावी जाल तेव्हा माळ्यावर एकदा हात घाला. मला आजीची तांब्याची घागर मिळाली, तिच्या लग्नातली. गळ्याशी टिंबाटिंबांनी तिचं माहेरचं नाव घातलेलं आहे. काळी पडली होती. चिंच आणि मीठ लावून घासली तेव्हा अक्षरं वर आली. आता ती दाराजवळ त्या पिवळ्या दिव्याखाली असते. माझी मुलगी पहिलीत आहे, येणाऱ्या प्रत्येकाला ती त्या टिंबांवरून बोट फिरवत नाव वाचून दाखवते. मग ही कुणाची, कुठल्या गावची, असं बोलणं सुरू होतं. इंटिरियरचं आता कुणी विचारत नाही.