जर्मनीत जन्मलेली तुर्की पोरं तुर्कस्तानच्या टीमसाठी एवढा जीव का टाकतात?

प्रश्न असा आहे की जर्मनीत तीन-तीन पिढ्या राहून पण तुर्की लोक फुटबॉल म्हटलं की तुर्कस्तानच्याच मागे का उभे राहतात, आणि जर्मनीबद्दल त्यांना काहीच वाटत नाही का. विचारणारा पुढच्या वर्षी शिकायला इकडे येतोय असं त्याने लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी डॉर्टमुंडला राहतो, मूळचा पुण्याचा, घर नॉर्डश्टाट भागात आहे, म्हणजे मेन स्टेशनच्या मागची बाजू, जिथे अर्ध्याहून जास्त दुकानांच्या पाट्या तुर्की नाहीतर अरबीत आहेत.

आधी दुसऱ्या भागाचं उत्तर. वाटतं, आणि भरपूर वाटतं. आमच्या बिल्डिंगमधे तळमजल्यावर एक तुर्की कुटुंब आहे, आजोबा, मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. २०२४ च्या युरोमधे, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेत, जी तेव्हा जर्मनीतच होती, ५ जुलैला जर्मनी स्पेनकडून हरली, एक्स्ट्रा टाइममधे ११९ व्या मिनिटाला मेरिनोने हेडर घातला, तेव्हा हा पोरगा जर्मनीची ती गुलाबी जर्सी घालून जिन्यात बसून ढसाढसा रडत होता. दुसऱ्या दिवशी बर्लिनमधे तुर्कस्तानची नेदरलँड्सशी क्वार्टर फायनल, ३५ व्या मिनिटाला आघाडी घेतली, सगळी गल्ली नाचली आणि मग शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल खाऊन मॅच गेली, आणि तोच पोरगा लाल जर्सीत परत रडला. त्याची आई मला म्हणाली की दोन दिवस झाले, हा नीट जेवला नाहीये. आता यातलं कुठलं रडणं खरं आणि कुठलं खोटं हे कोणी ठरवायचं? मला तरी दोन्ही तेवढीच खरी वाटली.

आता हे कुठून आलं ते बघ. ३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तानचा करार झाला, जर्मनीला खाणीत, पोलाद कारखान्यात, गाड्यांच्या फॅक्टरीत माणसं हवी होती. इस्तंबूलला डॉक्टर माणसं तपासायचे, दात सुद्धा बघायचे, पास झालेले सिर्केजी स्टेशनवरून गाडीत बसायचे आणि म्युनिकला ११ नंबर प्लॅटफॉर्मवर उतरायचे, तिथून पुढे ज्याची जिकडे फॅक्टरी तिकडे. १९७३ ला भरती बंद झाली तोपर्यंत आठ लाखांहून जास्त माणसं आली होती. मूळ कल्पना अशी होती की ही लोकं दोन वर्षं काम करतील आणि परत जातील. बरेच गेले पण. जे राहिले त्यांना राहू दिलं, पण तुम्ही आता इथलेच असं कोणी म्हटलं नाही. भाषा शिकवायची, घरं द्यायची, पोरांच्या शाळेचं बघायचं, कशाचीच धड सोय नव्हती, कारण सरकार पण धरून चाललेलं की ही माणसं आज ना उद्या जाणार, आणि खरं म्हणजे ती माणसं स्वतः पण तसंच धरून चालली होती, सुटकेसा कपाटावर तयार.

आमच्या खालचे आजोबा झोंगुलदाकचे. ते काळ्या समुद्राच्या काठावरचं कोळशाचं गाव, तिथून बरेच खाणकामगार इकडे रूर भागात, म्हणजे डॉर्टमुंडच्या आसपासच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यात आले. आजोबा सांगतात की खाणीत खाली गेल्यावर कोण कुठला हा प्रश्नच नसायचा, सगळे सारखेच काळे, जर्मन माणूस पण त्यांच्यावर जीव सोपवायचा आणि ते पण त्याच्यावर, पण शिफ्ट संपून आंघोळ करून वर रस्त्यावर आले की परत परके. घरी चिठ्ठी पोचायला आठवडा, फोन महाग. १९६४ पासून कलोनच्या रेडिओवर संध्याकाळी तुर्की भाषेत कार्यक्रम लागायचा, तेवढा गावाशी संबंध. अशा माणसाला आपल्या देशाची टीम म्हणजे काय असेल याचा विचार कर. ज्या देशात तुझ्याकडे फक्त दोन हात म्हणून बघतात, तिथे ९० मिनिटं तुझा झेंडा त्यांच्या झेंड्याच्या बरोबरीला लागतो, तुझं राष्ट्रगीत वाजतं आणि ते पण उभे राहून ऐकतात.

ही झाली आजोबांची गोष्ट. नातवाची वेगळी आहे आणि बाहेरच्यांना हेच लवकर कळत नाही. तुर्कस्तानची टीम ही बऱ्याच अंशी जर्मनीत घडलेली टीम आहे! २०२४ चा कॅप्टन हाकान चाल्हानोग्लू मानहाइममधे जन्मला. सालिह ओझजान कलोनचा. केनान यिल्दिझ रेगेन्सबुर्गचा, बायर्नच्या अकादमीत वाढलेला. चेकियाविरुद्ध हॅम्बुर्गला अगदी शेवटी गोल मारून मॅच जिंकून देणारा जेंक तोसुन वेट्सलारचा, तो तर आधी जर्मनीच्या युथ टीममधून खेळलेला. मेर्त म्युल्दूर व्हिएन्नाचा, फेर्दी कादिओग्लू हॉलंडमधल्या आर्नहेमचा. २००२ च्या वर्ल्डकपला तुर्कस्तान तिसरं आलं तेव्हा पण हेच होतं, इल्हान मान्सिझ, उमित दावाला, यिल्दिराय बाश्तुर्क सगळे इथेच जन्मलेले, आणि बाश्तुर्क तर हेर्नेचा, आमच्या डॉर्टमुंडपासून अगदी जवळ. गेल्झनकिर्शन या एकाच गावातून अल्तिनतोप जुळे आणि कान आयहान तुर्कस्तानकडून खेळले, तर मेसुत ओझिल आणि इल्काय ग्युंदोआन जर्मनीकडून, आणि ग्युंदोआन २०२४ ला जर्मनीचा कॅप्टन. एकाच गावची पोरं, घरात तीच डाळ, तोच चहा, आणि एक इकडे तर एक तिकडे.

म्हणजे माझ्या बिल्डिंगमधला पोरगा जेव्हा तुर्कस्तान तुर्कस्तान ओरडतो तेव्हा तो तीन हजार किलोमीटर लांबच्या कुठल्या देशासाठी ओरडतोय असं नाहीये, तो बाजूच्या गावातल्या पोरासाठी ओरडतोय, ज्याचे आजोबा पण खाणीत होते, ज्याला पण शाळेत मास्तरांनी नाव चुकीचं उच्चारून हाक मारली. मला विचारशील तर एवढ्या प्रेमाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. त्या टीममधे त्याला स्वतःचं घर दिसतं. आणि क्लब म्हणशील तर बोरुसिया डॉर्टमुंड, त्यात चर्चाच नाही, खोलीच्या खिडकीत पिवळा-काळा झेंडा वर्षभर असतो. युरो सुरू झाली त्याच दिवशी बोरुसियाने नुरी शाहिनला हेड कोच केलं, ल्युडेनशाइडचा तुर्की पोरगा, याच क्लबकडून २०११ ला लीग जिंकलेला आणि तुर्कस्तानकडून खेळलेला. त्या दिवशी खालच्या घरातून मला बकलावा आला होता.

आता १८ जून २०२४ चं सांगतो, तुर्कस्तान विरुद्ध जॉर्जिया, आमच्याच गावात. दुपारपासून आभाळ फाटल्यासारखा पाऊस, स्टेडियमच्या छतावरून पाण्याच्या धारा खाली स्टँडवर पडत होत्या. तिकीट मला मिळालं नव्हतं, मी म्युन्स्टरश्ट्रासवरच्या एका चहाच्या दुकानात होतो, मालकाने टीव्ही काचेच्या आत रस्त्याकडे तोंड करून लावलेला, आत पन्नास माणसं आणि बाहेर छत्र्या घेऊन अजून शंभर. सूर्यफुलाच्या बिया फोडून फोडून जमिनीवर टरफलांचा थर, चहाचे छोटे काचेचे ग्लास हातोहात पुढे जात होते, पैसे कोण देतंय कोणालाच पत्ता नाही. म्युल्दूरने पहिला गोल मारला तो व्हॉली, मग जॉर्जियाने बरोबरी केली आणि दुकान एकदम गप्प. मग १९ वर्षांच्या अर्दा ग्युलेरने लांबून डाव्या पायाने असा बॉल वळवला की माझ्या शेजारच्या टक्कलवाल्या काकांनी मला उचललंच, मी त्यांना ओळखत पण नव्हतो. शेवटी शेवटी जॉर्जियाचा बॉल पोस्टला लागला, सगळ्यांचा श्वास अडकलेला, आणि त्यांचा गोलकीपर पण पुढे आलेला असताना केरेम आक्तुर्कोग्लू मोकळ्या गोलपोस्टकडे बॉल घेऊन पळत सुटला. ३-१.

त्यानंतर जे झालं त्याला इथे आउटोकोर्सो म्हणतात, गाड्यांची मिरवणूक. हॉर्न, खिडकीतून अर्धी बाहेर आलेली पोरी-पोरं, बॉनेटवर झेंडे, एका चौकात दावुल आणि झुर्ना वाजवणारे दोघं उभे राहिले आणि लोकांनी हातात हात घालून फेर धरला, आपल्याकडे विसर्जनाला ढोल-ताशा सुरू झाल्यावर जसे पाय आपोआप हलतात ना तसंच. आणि हे बघ, त्यात माझ्या ऑफिसमधली दोन जर्मन पोरं पण होती, गालावर चंद्रकोर काढून. दुसऱ्या दिवशी जर्मनीची हंगेरीशी मॅच होती, तेव्हा याच दुकानात याच माणसांनी जर्मनीसाठी टाळ्या वाजवल्या, फक्त हॉर्न कमी होते एवढंच.

मग जर्मनी-तुर्कस्तान समोरासमोर आले तर? तेव्हा बहुतेक जण तुर्कस्तान, हे मान्य करायला हवं. २००८ च्या युरो सेमीफायनलला जर्मनी ३-२ जिंकली, लामने ९० व्या मिनिटाला मारला, आजोबांना तो गोल अजून खुपतो. नोव्हेंबर २०२३ ला बर्लिनच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तुर्कस्तान ३-२ जिंकलं तेव्हा स्टेडियम जर्मनीचं आणि आवाज सगळा तुर्की. यावर इथले काही पेपरवाले आणि राजकारणी दर वेळेला विचारतात की मग ही माणसं या देशाची आहेत का. मला हा प्रश्नच अन्यायाचा वाटतो. ओझिल २०१४ ला वर्ल्डकप जिंकून आला तेव्हा तो जर्मनीचा लाडका होता, २०१८ ला तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्याबरोबरच्या फोटोवरून वाद झाला, त्यात जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडली आणि सगळं खापर त्याच्यावर. टीम सोडताना त्याने लिहिलं की आपण जिंकतो तेव्हा मी जर्मन असतो आणि हरतो तेव्हा स्थलांतरित. तो फोटो मला पण आवडला नव्हता, पण हे वाक्य इथल्या प्रत्येक तुर्की घरात पाठ आहे, कारण ऑफिसात, शाळेत, घर भाड्याने शोधताना प्रत्येकाने त्याची छोटी आवृत्ती अनुभवलेली आहे.

पासपोर्टचं पण तेच. २००० सालापर्यंत परदेशी आईबापांच्या पोराला इथे जन्मून पण जन्माने नागरिकत्व मिळत नव्हतं. नंतर मिळायला लागलं, पण मोठं झाल्यावर एक ठेव एक सोड. दोन्ही पासपोर्ट ठेवायची सरसकट परवानगी देणारा कायदा लागू झाला २७ जून २०२४ ला, म्हणजे चेकियाची मॅच जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी. पाहुणे कामगार म्हणून आलेल्या पिढीला त्यात लेखी परीक्षेची सक्ती नाही, बोलता आलं की पुरे. आजोबांनी आता अर्ज केलाय. पन्नासेक वर्षं इथे काढल्यावर.

एक बाजू मात्र लपवणार नाही. त्याच २०२४ च्या युरोत ऑस्ट्रियाविरुद्ध तुर्कस्तानच्या मेरिह देमिरालने दोन गोल मारले आणि हाताने लांडग्याची खूण केली. ती खूण तुर्कस्तानातल्या कट्टर उजव्या 'ग्रे वुल्व्ज' लोकांची आहे, त्यांच्या नावावर अलेवी (तिथला एक अल्पसंख्याक मुस्लिम पंथ) आणि कुर्द लोकांवरची हिंसा आहे. त्याच्यावर दोन मॅचची बंदी आली, तर क्वार्टर फायनलच्या दिवशी बर्लिनमधे शेकडो लोक तीच खूण करत निघाले आणि पोलिसांनी मिरवणूक थांबवली. आमच्या गल्लीत पण काहींनी केली. माझी एक सहकारी कुर्द आहे, तिचे वडील पण तुर्कस्तानातूनच आले, तिला ग्युलेर खूप आवडतो, पण त्या रात्री ती घराबाहेर पडली नाही. तुर्की म्हणून आपण सगळ्यांना एकाच पिशवीत घालतो, पण त्या पिशवीतल्या काहींना त्या झेंड्याखाली नाचताना भीती वाटते. आणि २०१० ला ओझिल बर्लिनमधे तुर्कस्तानविरुद्ध जर्मनीकडून खेळला तेव्हा त्याच्या प्रत्येक टचला तुर्की फॅन्सनी शिट्ट्या मारून हिणवलं, ते पण मला चूकच वाटतं. स्वतःला निवड करायला लावली म्हणून ज्यांना राग येतो त्यांनी दुसऱ्याच्या निवडीवर शिट्ट्या मारू नयेत.

आपल्या लोकांना हे कळायला जड जाऊ नये खरं तर. इंग्लंडमधे इंडियाची मॅच असली की स्टेडियम निळं होतं, आणि १९९० मधे नॉर्मन टेबिट नावाच्या तिथल्या नेत्याने बाहेरून आलेली माणसं क्रिकेटमधे कुठल्या बाजूने ओरडतात ती त्यांच्या निष्ठेची परीक्षा आहे असं म्हटलंच होतं. आपल्याला तर दोन पासपोर्ट ठेवायची सोयच नाही, जर्मन घेतला की भारतीय जमा करायचा. माझ्या ओळखीच्या मराठी लोकांपैकी ज्यांनी तो जमा केलाय त्यांच्यापैकी कोणी रोहित-विराटची मॅच बघणं सोडलेलं मी पाहिलं नाही.

तर तू आलास की तुर्कस्तानची मॅच घरी बसून बघू नकोस, तुझ्या गावातलं चहाचं दुकान शोध, प्रत्येक मोठ्या जर्मन शहरात असतंच. 'तू नक्की कुठला' हा प्रश्न तेवढा विचारू नकोस, तो त्यांना बालवाडीपासून विचारला गेलाय. कुठल्या क्लबचा ते विचार, मग बघ अर्धा तास थांबत नाही तो माणूस. लांडग्याची खूण तुला शिकवायला कोणी आलं तर हसून नाही म्हण. आणि मॅचच्या तासभर आधी पोच, नंतर खुर्ची मिळत नाही.