कण नेमका कुठे आहे, यावर करिअर होतं का?

प्रश्न: मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्वांटम फील्ड थिअरीतल्या ‘लोकलायझेशन’वरच पीएच.डी. करायची म्हणते. याला स्कोप आहे का? तिचे मामा म्हणतात, आधी बी.एड. करून घे.
– एक पालक, सांगली

उत्तर: नमस्कार. आधी मुलीला काय खुणावतंय ते बघा, म्हणजे घरात वाद कमी होतील. ‘लोकलायझेशन’ म्हणजे कण नेमका कुठे आहे, हे ठरवणं. कॉलेजच्या क्वांटम मेकॅनिक्समध्ये इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याची शक्यता काढता येते. त्यात सापेक्षता आली की गणित बिनसतं. न्यूटन आणि विग्नर यांनी १९४९ मध्ये स्थानाचा ऑपरेटर (कणाची जागा काढायचं गणिती साधन) बसवला (हा न्यूटन सफरचंदवाला नव्हे!), पण एकाला ‘इथेच’ असलेला कण वेगाने जाणाऱ्या दुसऱ्याला तसा दिसेना. १९७४ मध्ये हेगरफेल्टने दाखवलं, की ठरावीक जागेत पुरता कोंडलेला कण पुढच्याच क्षणी कितीही लांब सापडण्याची शक्यता उरते. हाग आणि कास्टलर यांनी १९६४ मध्येच वेगळी वाट धरली होती: कणाला नव्हे, मोजमापांना जागा नेमून द्यायची. त्याच वाटेवर फ्यूस्टर आणि फेर्श यांनी अलीकडे मोजणारं यंत्रही एक फील्डच (सगळीकडे पसरलेली राशी) धरून मोजमापाचा हिशोब मांडला आहे.

विषय सुंदर आहे, पण फिजिक्सच्या नावाखाली हे बरंचसं शुद्ध गणित आहे. फंक्शनल अॅनालिसिस, ऑपरेटर अल्जिब्रा. तिने हिल्बर्ट स्पेसवरची (क्वांटमचं गणित जिथे मांडतात त्या अवकाशावरची) प्रमेयं स्वतः, उत्तर न बघता सिद्ध करून बघावीत. त्यात जीव रमला तर पुढे जा. नुसतं कणांचं आकर्षण असेल तर प्रयोगाकडची वाट जास्त मानवेल. ‘वरच’ हा शब्द मात्र आत्ता सोडायला सांगा, एम.एस्सी.त आवडी बदलतात, आणि बदलाव्यातही.

या अरुंद विषयात आपल्याकडे काम करणारे थोडे. यॉर्क, गॉटिंगन, रोम इथे जास्त. पीएच.डी.नंतर दोन-तीन पोस्टडॉक (तात्पुरती संशोधन पदं) धरून चाला. कायमची नोकरी पस्तिशीच्या आसपास, तीही मिळाली तर. मामांची काळजी म्हणूनच रास्त आहे, उपाय चुकलाय. एम.एस्सी.नंतर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दिली तर त्याच परीक्षेतून असिस्टंट प्रोफेसरची पात्रताही मिळते आणि जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिपही. सध्या पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. बी.एड. नंतरही करता येतं.

आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा तिसऱ्या वर्षात देता येते. परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात. टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा आणि जेस्ट (अनेक संशोधन संस्थांची सामायिक परीक्षा) वेगळ्या, त्यांच्या तारखाही तिने आत्ताच बघून ठेवाव्यात.