बारा महिन्यांचा कागद आणि ऑगस्टमधलं वर्कशॉप

अगं पोरी,

तुझा मेसेज आला तेव्हा मी भाजी निवडत होते, तशीच उठून दोनदा वाचला. सेनेगलमध्ये डाकारला पोस्टिंग, सहेलमधले म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातले सहा देश, पडीक जमिनी सुधारायचं काम, हुद्दा रीजनल कोऑर्डिनेटर, आणि सुरुवातच स्टेकहोल्डर वर्कशॉपने, म्हणजे त्या जमिनीशी संबंध असलेल्या सगळ्यांच्या बैठकीने, तेही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. बाकी सगळ्याचं मनापासून अभिनंदन, ऑगस्टचं नाही. त्या एका तारखेमुळेच हे एवढं लांबलचक लिहायला बसलेय, नाहीतर फोनवर पाच मिनिटांत उरकलं असतं.

मी पहिल्यांदा नायजरला गेले तेव्हा डोक्यात अख्खा नगर जिल्हा घेऊन गेले होते. पारनेर भागात काही वर्षं पाणलोटाचं काम केलेलं, हिवरे बाजार, राळेगण उठता-बसता पाहिलेलं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे शब्द म्हणजे आमची बाराखडीच. आणि गंमत म्हणजे तिथे गेल्यावर सगळं ओळखीचंच दिसतं गं. शेतात बाजरी (ती तर मुळात त्यांचीच, आपल्याकडे नंतर आली), अंबाडी, चवळी, तोच लाल मुरमाड माळ. बुर्किना फासोच्या यातेंगा भागात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांनी समपातळीवर दगडांच्या ओळी घातल्या, त्याची पातळी काढायला वापरलं काय तर पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन काठ्या, म्हणजे आपण ज्याला हायड्रोमार्कर म्हणतो ना, अगदी तेच. मला वाटलं झालं, हे तर आपल्याला येतंच.

तर नायजरच्या दक्षिणेत एका जिल्ह्यात आमच्या प्रोजेक्टने एक पडीक पठार निवडलं. अर्धचंद्र खोदायचे, म्हणजे साधारण चार मीटर रुंदीचे अर्धगोल खड्डे, मातीचा बांध उताराच्या बाजूला, पाणी आत थांबतं आणि गवत-झाडं धरतात. काम सुंदर झालं. तीन वर्षं चराईबंदीचा ठराव झाला, त्यावर गावप्रमुखाची सही, मेयरची सही, शेतीखात्याची, महिला गटाची, तरुणांची, आणि ‘पशुपालक प्रतिनिधी’ म्हणून एकाची, जो गावातच राहायचा आणि ज्याच्याकडे चार बकऱ्या होत्या. फोटो काढला. मीटिंग झाली ऑगस्टमध्ये.

डिसेंबरमध्ये फुलानी लोक, म्हणजे तिकडचे फिरते गुराखी, गुरं घेऊन उत्तरेकडून परत आले तर त्यांची पिढ्यान्‌पिढ्याची पाणवठ्याकडे जायची वाट आमच्या अर्धचंद्रांच्या बरोबर मधून. आठवड्याभरात निम्मे बांध तुडवले गेले, मग मारामारी, दोन माणसं डोकी फुटून दवाखान्यात. आणि सहामाही रिपोर्टमध्ये काय लिहिलं गेलं माहितीये? ‘पशुपालकांमध्ये जागृतीचा अभाव.’ ते वाक्य मीच लिहिलं होतं. नंतर एका म्हाताऱ्या गुराख्याने दुभाष्यामार्फत मला अगदी शांतपणे विचारलं, तुम्ही बैठक घेतली तेव्हा आम्ही कुठे असतो हे तुम्हाला कोणीच सांगितलं नाही का? सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं, आणि खोलीत जे बसले होते त्यांना ते सांगायची गरज वाटली नव्हती.

सहेलमध्ये पाऊस जून ते सप्टेंबर. पाऊस पडला की मोठे कळप उत्तरेला ताज्या गवताकडे आणि खारट जमिनीकडे निघून जातात, नायजरमध्ये इंगालला सप्टेंबरच्या सुमारास त्यांचा मोठा मेळाच भरतो. तेव्हा शेतकरी बाजरीच्या खुरपणीत मान वर करत नाही. कापणी झाली, कणसं घरात आली, की प्रशासन शेतं मोकळी झाल्याची तारीख जाहीर करतं आणि त्या तारखेपासून तेच शेत चराऊ कुरण होतं, गुरं बाजरीची ताटं खातात आणि शेण टाकतात. मग कोरड्या महिन्यांत त्याच जमिनीवर बाया सरपण गोळा करतात, झाडांचा पाला तोडतात, नद्यांकाठी भाजीपाला लावतात. म्हणजे एकाच तुकड्याचे वर्षात तीन-चार धनी. आपल्या सातबाऱ्याची सवय असलेल्या डोक्याला हे पटकन कळत नाही, खरं सांगते.

खरं तर आपल्याला कळायला हवं होतं. आपल्याकडे धनगर मेंढ्या घेऊन येतात आणि शेतकरी त्यांना शेतात मेंढ्या बसवायला बोलावतो, वर धान्य किंवा पैसे देतो, कारण लेंडीखत पाहिजे असतं. हौसा शेतकरी आणि फुलानी गुराखी यांचा हाच व्यवहार आहे, खत द्या, ताटं चारा, विहिरीचं पाणी घ्या. आणि आपल्या चराईबंदीने धनगरांचं काय झालं हा प्रश्न पारनेरमध्ये असताना मी कधी विचारला होता? नाही विचारला. तिकडे जाऊन डोकं फुटल्यावर इकडचं दिसलं.

म्हणून तुला पहिलं काम सांगते, वर्कशॉपचा अजेंडा बाजूला ठेव आणि एक मोठा कागद घे, वर बारा महिने लिही, खाली प्रत्येक जागेसाठी लिही की या महिन्यात ही जमीन कोण वापरतं, कशासाठी, आणि कोणाला विचारून. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ऑफिसात बसून भरू नकोस, तुला भरता येणारच नाही. फील्डला जाणं आता सुरक्षेमुळे अवघड झालंय हे मला माहितीये, पण जिल्ह्यातल्या माणसाला फोन करून ‘पशुपालक आहेत का’ असं विचारलंस तर हो म्हणेल, ‘मार्चमध्ये गुरं कुठे पाणी पितात’ असं विचार, मग खरं बाहेर येतं. आणि गुराख्यांना हॉटेलच्या हॉलमध्ये बोलवायच्या भानगडीत पडू नकोस, आठवड्याच्या गुरांच्या बाजाराला माणूस पाठव किंवा लसीकरणाच्या वेळी पाठव, तिथे ते असतातच. चहाचे तीन ग्लास होईपर्यंत थांबायची तयारी असलेला माणूस पाठव.

झाडाचं पण तसंच आहे. नायजरमधल्या मारादी भागाची गोष्ट तू वाचली असशीलच. टोनी रिनौडो हा ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ तिथे रोपं लावून लावून थकला होता, बहुतेक सगळी मरायची, आणि १९८३ च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की माळावर झुडपं म्हणून जे दिसतंय ते तोडलेल्या झाडांचे फुटवे आहेत, मुळं खाली जिवंत आहेत, फक्त चांगले फुटवे ठेवून बाकीचे छाटायचे. नायजरमध्ये साधारण ५० लाख हेक्टरवर असं झाडांचं आच्छादन परत आलं. ट्रेनिंगमध्ये फुटवे कसे छाटायचे ते छान शिकवतात, मला त्यातला दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. वसाहतीच्या काळापासून शेतातलं झाडसुद्धा सरकारचं होतं, फांदी तोडली की वनखात्याचा गार्ड दंड करायचा. मग शेतकरी झाड वाढू कशाला देईल? उगवलं की उपटायचं, कटकट नको. गार्डांनी कानाडोळा करायला सुरुवात केली आणि शेतकऱ्याला वाटायला लागलं की झाड आपलं आहे, तेव्हा झाडं राहिली. कागदोपत्री शेतकऱ्याच्या हक्काचा आदेश निघाला तो २०२० साली. मधली पस्तीस वर्षं नुसत्या समजुतीवर चाललं.

आणि याची उलटी बाजू याकुबा सवाडोगोची. याच यातेंगातला माणूस, झाय म्हणजे उन्हाळ्यातच खड्डे करून त्यात शेणखत घालून ठेवायची जुनी पद्धत त्याने सुधारली, ओसाड जमिनीवर अख्खं जंगल उभं केलं, २०१८ ला त्याला आणि रिनौडोला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. पण वाहिगुया शहर वाढत आलं आणि त्याच्या जंगलात घरांचे प्लॉट पडले. जगभर सत्कार झाले, जमिनीचा कागद मात्र हातात नव्हता. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. प्रोजेक्ट डॉक्युमेंटमध्ये ‘जमिनीचे हक्क’ हा परिच्छेद नेहमी शेवटून दुसऱ्या पानावर असतो, जोखमींच्या तक्त्यात. तुझ्या हातात असेल तर त्याला पहिल्या पानावर आण.

बायांचं थोडक्यात सांगते, थोडक्यात कारण हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आपल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट, कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी संस्था, तिचं नायजरच्या राजधानीजवळ, नियामेजवळ, सादोरेला केंद्र आहे, तिथल्या लोकांनी नायजरमध्ये बायांच्या गटांना पडीक खडकाळ जमीन मिळवून देऊन शेवगा, भेंडी लावायचं काम केलं. कल्पना फार चांगली. पण अशा प्रत्येक कामात एक गोष्ट आधी लिहून घे, जमीन सुधारल्यावर ती कोणाकडे राहणार. पडीक होती तोवर बायांची आणि हिरवी झाली की दिराची, हे मी दोन खंडांत पाहिलंय.

आता रीजनल म्हणजे काय ते. तुझ्या वरती संस्थांचा एवढा मोठा डोंगर आहे की पहिले सहा महिने नुसती नावं पाठ करण्यात जातील. सिल्स ही सहेलच्या देशांची दुष्काळाशी लढायची संघटना, १९७३ च्या दुष्काळातून निघालेली, ऑफिस बुर्किनात वागाडुगूला. सहारा-सहेल वेधशाळा, ती पर्यावरणावर नजर ठेवते, ट्युनिसला. २००५ ला जमीन सांभाळायच्या कामांसाठी टेरआफ्रिका आलं, २००७ ला आफ्रिकन युनियनने ग्रेट ग्रीन वॉल, म्हणजे सहेलच्या आडव्या पट्ट्यात हिरवाई उभी करायची योजना, हाती घेतली, २०१५ ला पॅरिसच्या हवामान परिषदेत एएफआर-१०० हा आफ्रिकेतल्या उजाड जमिनी सुधारायचा उपक्रम आला. प्रत्येकाचा फॉरमॅट वेगळा, प्रत्येकाला आकडा हवा, आणि बऱ्याचदा जिल्ह्यातला एकच दमलेला माणूस हे सगळे फॉर्म भरत असतो, तेच ५०० हेक्टर तीन ठिकाणी. ग्रीन वॉलचं २०३० पर्यंतचं लक्ष्य १० कोटी हेक्टर, आणि २०२० च्या आढाव्यात ठरलेल्या पट्ट्यात भरले साधारण ४० लाख, आजूबाजूची सरकारी कामं धरली की आकडा कितीतरी मोठा. दोन्ही आकडे खोटे नाहीत, मोजायची व्याख्या वेगळी. तू सगळ्यात आधी तुझ्या सहा देशांना एकत्र बसवून ‘सुधारलेलं हेक्टर’ म्हणजे काय एवढंच ठरवून घे. खड्डे खोदल्यावर धरायचं की तिसऱ्या वर्षी झाड जिवंत असेल तर? यावर दोन दिवस भांडणं होतील, होऊ देत. ब्रिक्स नावाचा एक प्रोजेक्ट होता (तो राजकारणातला ब्रिक्स नव्हे), १२ देशांच्या १२ जमीन-प्रोजेक्टना एकमेकांशी जोडणारा, त्यात सिल्स, वेधशाळा आणि निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना आययूसीएन यांनी कामं वाटून घेतली होती. त्यांची जुनी कागदपत्रं शोधून वाच, उगीच सगळं नव्याने मांडत बसू नकोस.

आणि गुरं सीमा ओलांडतात हे विसरू नकोस, रीजनल पोस्टचं खरं कारण तेच आहे. इकोवासने, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या संघाने, १९९८ ला ठरवलं की कळपाबरोबर आंतरराष्ट्रीय दाखला असला की सीमा ओलांडता येईल. कागदावर उत्तम, प्रत्यक्षात चौक्यांवर वसुली. आता जानेवारी २०२५ पासून माली, बुर्किना आणि नायजर इकोवासमधून अधिकृतपणे बाहेर पडलेत. गुरांना कोणी कळवलेलं नाही. ती डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे निघणारच. तेव्हा राजधानीतल्या सह्यांची वाट बघत बसण्यापेक्षा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या दोन तालुक्यांचे मेयर आणि दोन्हीकडचे गुराखी यांना एकत्र बसव, कुठली वाट, कुठलं पाणी, पिकाचं नुकसान झालं तर किती भरपाई आणि ती ठरवणार कोण. असे छोटे करार टिकलेले मी पाहिलेत. प्रेस नोट निघत नाही त्यांची, एवढाच तोटा.

वर्कशॉप टाळता येत नसेल तर निदान नोव्हेंबरपर्यंत ढकल. बजेटचं वर्ष संपतंय, पैसे परत जातील असं तुला सांगतील. बॉसला बारा महिन्यांचा कागद दाखव, ऑगस्टचा रकाना बोटाने दाखव, माणसं नुसती फोटोला येतील म्हणाव. भत्त्याची गोष्ट पण आहेच, पर-डिएमसाठी येणारे तेच तेच चेहरे तुला तिसऱ्या मीटिंगपर्यंत ओळखू येतील, त्यांच्यावर चिडू नकोस, पगार तीन-तीन महिने थकलेले असतात काहींचे. फक्त त्यांनाच ‘समाज’ समजू नकोस. दुभाषी फ्रेंच-हौसा आणि फ्रेंच-फुलफुल्दे (ही फुलानींची भाषा) असे दोन वेगळे ठेव. हौसा बोलणाऱ्या शेतकऱ्याचा पुतण्या जर गुराख्याचं म्हणणं सांगत असेल तर तुला गुराख्याचं म्हणणं कळणार नाही. हे पण मी करून बसलेय, विचारू नकोस.

फ्रेंच सुधारतंय का? लाजू नकोस, माझं अजून क्रियापद चुकतं.

तो कागद भरायला घेतलास की अर्धवट असला तरी फोटो काढून पाठव. जे महिने कोरे राहतील त्यांच्यावर आपण फोनवर बोलू, रविवारी सकाळी कर, इकडे तेव्हा दुपार असते आणि मी मोकळी असते. आणि तिकडे बिसाप म्हणून लाल सरबत मिळेल ते पी, ती आपली लाल अंबाडीच आहे. येताना वाळलेली पाव किलो आण, इथली तशी लागत नाही.

तुझी,
ताई