सुट्टीत घोड्यांपाशी राहायचंय: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

लातूरची विद्यार्थिनी, बी.एस्सी. दुसरं वर्ष: मे महिन्यात एखाद्या घोडेवाल्याकडे राहून काम करायचं आहे. पैसे नकोत, शिकायचंय. घरी म्हशी आहेत, पण घोडेवाल्यांची ओळख नाही.

ओळख काढायला माळेगावसारखी जागा नाही. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या सुमारास भरते. शेतातली आंबील-भज्जी उरकली की घरच्यांना घेऊन थेट घोडेबाजार गाठ. पहाटे जा, तेव्हा खरारा (अंग घासणं) आणि चंदी (खुराक) चालू असते. मालकाच्या बोलण्यापेक्षा घोड्याकडे बघ. ओठांच्या कोपऱ्यात लगामाची जखम, पाठीवर खोगिराचे वळ, वाढून फुटलेले खूर दिसले तर पुढे चल. "खूर उचलून बघू का?" म्हटल्यावर जो आनंदाने "बघ की" म्हणेल, त्याचा नंबर घे.

मग मार्चमध्ये फोन करून सगळं ठरव: दिवसाला चार-पाच तास काम, आठवड्याला एक सुट्टी, झोपायची सोय, जेवण, आणि लागलं-खुपलं तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. ठरलेलं व्हॉट्सअॅपवर लिहून घे. भिडेपोटी न विचारलेल्या गोष्टीच पुढे भांडणाला कारण होतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

बीडहून एक आई: मुलगी सतराची आहे. एकटी पाठवू का?

अठरा पूर्ण होईपर्यंत नको, ताई. त्यानंतरही आधी तुम्ही जाऊन एक रात्र राहा. घरात बायामाणसं आहेत का, मुलगी झोपणार ती खोली आतून बंद होते का, डोक्याला हेल्मेट देतात का, हे बघा. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच द्या. मातीत आणि लिदीत त्याचे जंतू असतात.

छत्रपती संभाजीनगर, वय २६: परदेशातल्या फार्मवर राहणं-जेवणाच्या बदल्यात काम आहे. टूरिस्ट व्हिसावर जाऊ?

नाही. पगार नसला तरी बऱ्याच देशांत ते कामच धरतात आणि विमानतळावरूनच परत पाठवू शकतात. सरळ वाट आहे. ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, सबक्लास ४६२, २०२४ पासून भारतीयांना खुला झाला. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, निवड सोडतीने. शिक्षणाचा आणि इंग्रजीचा दाखला लागतो. ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स योजनेतही सोडतच असते, आणि पदवी हवीच.

परभणीहून: रोजचं काम नेमकं काय असतं? घरी गुरं आहेत, तेवढा अनुभव पुरेल ना?

कष्टाची सवय कामी येईल, पण गुरांचे आडाखे घोड्याला लावू नका. घोडा रवंथ करत नाही आणि त्याला उलटी होत नाही. चुकीचं खाल्लं की ते आतच राहतं. बुरशी धरलेला कडबा टाकू नका. गुरांच्या काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं; गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र त्याने निकामी होतं. घोडा वळून वळून पोटाकडे बघत असेल, जमीन उकरत असेल, लोळत असेल तर गावठी काढा पाजत बसू नका, तडक डॉक्टरांना बोलवा.

बाकी दिवस म्हणजे लीद काढणं, पाणी, खरारा आणि खूर. एका घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. खूर साफ करताना खांद्यापासून हात खाली सरकवत न्या, गुडघ्याखालची शीर हलकी दाबा, पाय आपोआप वर येतो. टाचेकडून पुढे कोरा. काळा, कुबट वास मारणारा चिखल निघाला तर खूर कुजायला लागलाय, मालकाला त्याच दिवशी सांगा. आणि दोर तळहाताला गुंडाळू नका. मी एकदा गुंडाळला होता. शिंगरू बुजलं, दोर आवळला गेला. डाव्या हाताचं मधलं बोट आजही पूर्ण वळत नाही.

अंबाजोगाईहून: आणि बसायला कधी मिळतं?

घोडीच्या मागून जायचं झालं तर लांबून वळसा घालायला तुम्ही शिकलात आणि तुमची चाहूल लागताच तिने कान पुढे केले, की मालक स्वतःच तिच्यावर खोगीर चढवेल. माझ्याकडे आलेल्या मुलांना त्याला साधारण दोन आठवडे लागले.